नव्या नर्सला शिकवतं कोण? ब्रिटनमधल्या वॉर्डांचा दीडशे वर्षांचा इतिहास

आपल्या कार्यक्रमातल्या इतिहासाच्या सदरात आज मी माझ्याच व्यवसायाबद्दल बोलणार आहे. मी नर्स. मुंबईत शिकले, १९७९ साली पास झाले, १९८४ साली इंग्लंडला आले आणि २०१७ साली निवृत्त झाले. म्हणजे ३८ वर्षं. त्यातली शेवटची वीसेक वर्षं माझ्या हाताखाली सतत कुणी ना कुणी विद्यार्थिनी असायची, अलीकडे विद्यार्थीही असायचे. लोक मला विचारतात, "इतकी वर्षं वॉर्डात काढलीत, सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं केलंत?" त्यांना वाटतं मी एखाद्या ऑपरेशनची नाहीतर अपघाताच्या रात्रीची गोष्ट सांगेन. मी सांगते, "नव्या पोरींना शिकवलं."

आता तुम्ही म्हणाल, शिकवायला तर कॉलेज असतं. असतं, आणि चांगलं असतं. पण नर्सचं निम्मं शिक्षण आजही रुग्णाच्या पलंगाशेजारी होतं. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे नर्सिंगच्या पदवीला ४६०० तास लागतात आणि त्यातले निम्मे, म्हणजे २३०० तास, प्रत्यक्ष कामात भरायचे असतात. त्या २३०० तासांत शिकवतं कोण? या एका प्रश्नाचं उत्तर गेल्या दीडशेहून जास्त वर्षांत कसं बदलत गेलं, ते आज पाहू.

सुरुवात अर्थातच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून. क्रिमियाच्या युद्धातलं त्यांचं काम ऐकून इथल्या लोकांनी त्यांच्या नावानं निधी उभा केला, सुमारे ४४ हजार पौंडांचा. त्या पैशांतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. त्यांना म्हणायचे प्रोबेशनर. शिक्षण एक वर्षाचं. राहणं, जेवण, चहा-साखर, कपड्यांची धुलाई आणि वर्षाला १० पौंड हातात.

या १५ जणींना शिकवायचं कुणी? तर वॉर्डच्या सिस्टरनं. रुग्णालयाच्या मेट्रन होत्या सेरा वॉर्डरोपर, त्यांच्या देखरेखीखाली दर महिन्याला प्रत्येक मुलीचा एक तक्ता भरला जायचा. त्याचे दोन भाग. एका भागात वागणूक: वेळेवर येते का, शांत आहे का, विश्वासू आहे का, नीटनेटकी आहे का. दुसऱ्या भागात कामं: जखम बांधणं, जळवा लावणं, एनिमा देणं, अंथरूण घालणं, आजाऱ्याचं जेवण करणं, रुग्णाचं निरीक्षण. आज विद्यार्थिनींच्या हातात जी मूल्यमापनाची वही किंवा टॅब्लेट असतो, त्याची ही पणजी म्हणा ना.

कागदावर हे सगळं छान होतं. अडचण अशी की त्या सिस्टरना स्वतःला कुणी शिकवायला शिकवलं नव्हतं, आणि वॉर्डात कामाला माणसं कमी. मग प्रोबेशनर म्हणजे जादा हात, एवढाच अर्थ उरायचा. साधारण १८७२ च्या सुमारास नाइटिंगेलबाईंनी शाळेत नीट लक्ष घातलं, तेव्हा त्यांना दिसलं की मुली राबतात खूप आणि त्यांना शिकवलं जातं थोडं. डॉक्टरांची व्याख्यानंसुद्धा नावापुरती उरली होती. त्यानंतर शिकवणारे डॉक्टर बदलले. मुलींचा अभ्यास घेण्यासाठी 'होम सिस्टर' असं वेगळं पद निघालं. आणि स्वतः बाईंनी त्या वर्षापासून प्रोबेशनरना उद्देशून पत्रं लिहायला सुरुवात केली. मध्ये काही वर्षं सुटली, पण १९०० पर्यंत ती पत्रं चालू होती. आजारपणामुळे त्या बहुतेक खोलीतच असत. तरी मुलींना एकेक करून भेटायला बोलवत, चहा देत, वॉर्डात काय चाललंय ते विचारत आणि प्रत्येकीबद्दल टिपणं करून ठेवत.

प्रत्यक्ष रुग्णसेवेत नाइटिंगेलबाई होत्या जेमतेम तीन वर्षं. आधी लंडनमधल्या हार्ली स्ट्रीटवरच्या छोट्या रुग्णालयात आणि मग क्रिमियाच्या युद्धकाळात. मुलींना वाट दाखवण्याचं काम मात्र त्यांनी जवळजवळ ४० वर्षं केलं. दिवा हातात घेतलेल्या बाईंचं चित्र आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलं. चहाचा कप पुढे करून "बोल, काय अडतंय?" असं विचारणाऱ्या बाई कुणी आपल्याला दाखवल्या नाहीत.

याच शाळेतून १८६७ साली एक मुलगी शिकायला आली, रिबेका स्ट्राँग. मुलगी म्हणायचं कारण वय चोविसाच्या आसपास. पण तेवढ्यात तिचं लग्न झालं होतं, नवरा वारला होता आणि पदरात एक लहान लेक होती. पुढे या रिबेकाबाई स्कॉटलंडला गेल्या. आधी डंडीला मेट्रन झाल्या आणि १८७९ साली ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत. त्यांनी तिथल्या व्यवस्थापकांकडे मागणी केली की नर्सना राहायला वेगळं घर हवं. ती मान्य होईना, तेव्हा १८८५ साली त्यांनी राजीनामा दिला आणि स्वतःचं खाजगी नर्सिंग होम चालवलं. १८९१ साली त्या ग्लासगोला परत आल्या, तोवर नर्सचं घर उभं राहिलेलं होतं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम पुढचं आहे. १८९३ साली विल्यम मॅकेवन या सर्जनच्या मदतीनं त्यांनी नवी पद्धत सुरू केली. मुलीनं वॉर्डात पाय ठेवण्याआधी आधी वर्गात बसायचं. शरीराची रचना, शरीर चालतं कसं, आरोग्याचे नियम, हे शिकायचं, परीक्षा द्यायची आणि मगच रुग्णाला हात लावायचा. आज हे आपल्याला इतकं साधं वाटतं! पण त्याआधी मुलगी सोमवारी सकाळी यायची आणि सोमवारी दुपारी बेडपॅन घेऊन उभी असायची. रिबेकाबाई १९०७ साली निवृत्त झाल्या आणि १९४४ साली वारल्या, वयाची शंभरी गाठून. निवृत्तीनंतरही नर्सच्या शिक्षणावर त्या लिहीत-बोलत राहिल्या.

ग्लासगोत रिबेकाबाई हे करत होत्या, त्याच काळात आपल्याकडे मुंबईत काय चाललं होतं? १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांचं आणि मुलांचं, बायका डॉक्टरांनी चालवलेलं. तिथल्या प्रमुख होत्या डॉक्टर एडिथ पीची. ब्रिटनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी ज्या पहिल्या बायका भांडल्या, त्यांतल्या एक. त्यांनी कामामध्ये नर्सना शिकवायला सुरुवात केली. आपल्या नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकात बाई काशीबाई गणपत हे नाव येतं. १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स अशी त्यांची नोंद आहे. आम्हाला परीक्षेला हा प्रश्न एका मार्काला यायचा. एका मार्काच्या त्या नावामागे केवढं धैर्य असेल! परक्या माणसाचं अंग पुसायचं, जखम धुवायची, जातीपातीचा विटाळ बाजूला ठेवायचा आणि हे १८९१ साली.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केलं. सेवासदनातर्फे मुली ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. तेव्हाच्या पुण्यात यावर काय काय बोललं गेलं असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. ग्लासगोतली रिबेकाबाई आणि पुण्यातली एखादी बालविधवा यांची कधी गाठ पडली नाही. पण दोघींच्या आयुष्यात नर्सिंग हा स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा रस्ता होता, आणि दोघींनाही तो रस्ता कुणीतरी आधी चाललेल्या बाईनं दाखवला.

[संगीत]

श्रोतेहो, आता विसाव्या शतकात येऊ. १९१९ साली ब्रिटनमध्ये नर्सच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यासाठी एथेल बेडफर्ड फेनविक या बाईंनी तीस वर्षं लढा दिला होता. १९२१ साली नोंदवही उघडली तेव्हा त्यात पहिलं नाव त्यांचंच लागलं. नर्स म्हणजे कोण, हे आता कायद्यानं ठरलं. पुढे १९४३ साली दुसरा कायदा आला आणि नर्सच्या दोन पायऱ्या झाल्या. तीन वर्षं शिकली ती एसआरएन, म्हणजे स्टेट रजिस्टर्ड नर्स. दोन वर्षं शिकली ती एसईएन, म्हणजे स्टेट एन्रोल्ड नर्स. एसआरएन पुढे सिस्टर होऊ शकायची, मेट्रन होऊ शकायची. एसईएनला बढतीची वाट जवळजवळ बंद.

५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून नर्स कमी पडल्या. मग आयर्लंडमधून, कॅरिबियन बेटांवरून, पुढे मॉरिशसमधून, मलेशियातून, भारतातून मुली आणल्या गेल्या. यांतल्या कितीतरी जणींना एसईएनच्या वर्गात बसवलं गेलं. दोन पायऱ्यांमधला फरक पुष्कळ जणींना नीट सांगितलाच गेला नाही. घरी परत जायची वेळ आली तेव्हा त्यांना कळलं की एसईएनचं सर्टिफिकेट आपल्या देशात चालतच नाही.

मी १९८४ साली आले तेव्हा माझ्या मुंबईच्या सर्टिफिकेटवर लगेच नाव लागलं नाही. काही महिने देखरेखीखाली काम करायचं होतं. त्या वॉर्डात रात्रपाळीला एक कॅरिबियन एसईएन होत्या. पंचवीस वर्षांची नोकरी. कागदोपत्री त्या माझ्याही खालच्या ठरणार होत्या. पण इथला वॉर्ड मला शिकवला तो त्यांनी. म्हातारा माणूस "आय ॲम ऑल राइट, लव्ह" म्हणाला म्हणजे तो बरा आहे असं समजू नकोस, हे त्यांनी सांगितलं. श्वास मोजताना नाडी धरल्यासारखं मनगट धरून ठेव, कारण श्वास मोजतायत हे माणसाला कळलं की तो वेगळा श्वास घेतो, हे मुंबईत शिकले होते. पण ते करताना बोलायचं कसं, इथल्या माणसाशी कोणत्या सुरात, हे त्यांच्याकडून शिकले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या दोन मुली त्याच रुग्णालयात सिस्टर झाल्या आणि त्यांच्या वरिष्ठ म्हणून आल्या. बाईंनी त्यांनाही "गुड इव्हनिंग, सिस्टर" म्हणून हॅन्डओव्हर दिला. मी पाहिलंय ते.

म्हणून मी म्हणते, नव्या नर्सला कोण शिकवतं याचं नियमांतलं उत्तर एक आणि वॉर्डातलं उत्तर दुसरं. नियमात सिस्टर होती, ट्यूटर होती. वॉर्डात असायची ती वर्षानुवर्षं तिथेच राहिलेली बाई, जिच्या नावापुढे शिक्षिका असं कधीच लागलं नाही.

याच काळाबद्दलचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक होत्या. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी पाहणी केली आणि १९६० च्या सुमारास ती छापली. त्या रुग्णालयात नर्सिंगची सुमारे ७०० माणसं होती. त्यांतल्या पूर्ण शिकलेल्या साधारण १५० आणि बाकी सगळ्या विद्यार्थिनी! म्हणजे रुग्णालय चालवत होत्या त्या शिकणाऱ्या मुली. जवळपास एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडून जात. मेंझीसबाईंनी कारण शोधलं तेव्हा असं दिसलं की मरण, वेदना, नातेवाइकांचं रडणं यांची भीती सहन व्हावी म्हणून रुग्णालयानं कामाचे तुकडे पाडले होते. एकीनं सगळ्यांची नाडी पाहायची, दुसरीनं सगळ्यांची अंथरुणं घालायची. रुग्णाचं नावसुद्धा घ्यायचं नाही, "दहा नंबरचं लिव्हर" म्हणायचं. मुलींना सारखं एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवायचं. मनातली भीती बोलून दाखवायला कुणी वडीलधारं माणूस मिळायचं नाही. आणि सोडून जाणाऱ्या मुली पुष्कळदा चांगल्या, मनापासून काम करणाऱ्या असत.

मला वाटतं, आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. नव्या मुलीला इंजेक्शन शिकवायला पुस्तकही पुरेल. पण तिच्यासमोर पहिला माणूस मरतो त्या दिवशी तिच्या बाजूला कोण उभं आहे, यावर ती नर्स राहणार की नाही हे ठरतं. पहिलं शव आम्ही दोघींनी मिळून पुसायचो, मी आणि विद्यार्थिनी. मी त्या माणसाशी बोलत असे, "आता तुम्हाला या कुशीवर वळवते हं" असं. मुली आधी दचकायच्या. मग त्याही बोलायला लागायच्या. नंतर चहा. घाईघाईत पुढच्या कामाला लावायचं नाही, एवढा माझा नियम होता.

ही सगळी पद्धत १९८९ पासून बदलली. 'प्रोजेक्ट २०००' नावाची योजना आली. विद्यार्थिनी ही रुग्णालयाची कामगार नाही, ती शिकायला आलेली आहे, असं पहिल्यांदा ठामपणे ठरलं. तिला वॉर्डाच्या माणसांच्या मोजणीत धरायचं नाही. शिक्षण रुग्णालयातून कॉलेजात आणि विद्यापीठात गेलं. एसईएनचं प्रशिक्षण बंद झालं आणि ज्या एसईएन होत्या त्यांना पुढचं शिकून रजिस्टर्ड होण्याचे कोर्स मिळाले. पुढे २०१३ पासून इंग्लंडमध्ये नर्सिंगला पदवीशिवाय प्रवेशच राहिला नाही.

मुली विद्यापीठात गेल्या, मग वॉर्डात त्यांना कोण शिकवणार? इथे 'मेंटर' हा शब्द रुळला. आमच्यासारख्या स्टाफ नर्सनी मेंटर व्हायचं. त्यासाठी त्या काळी 'ईएनबी ९९८' नावाचा कोर्स असायचा, शिकवायचं कसं आणि तपासायचं कसं यावर. मी तो केला. १८६० साली सेंट थॉमसच्या सिस्टरना जे मिळालं नव्हतं, ते मला १३५ वर्षांनी मिळालं, याची मला फार गंमत वाटली होती.

२००६ साली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलनं मेंटरसाठी सविस्तर नियम केले. विद्यार्थिनीच्या वॉर्डातल्या वेळापैकी निदान ४० टक्के वेळ तिनं मेंटरच्या देखरेखीखाली असलं पाहिजे, असा एक नियम होता. वाचायला उत्तम. पण मेंटरकडचे रुग्ण कमी करा, असं कुणी म्हणत नव्हतं. तुमचे आठ रुग्ण, त्यांची औषधं, त्यांचे नातेवाईक, डॉक्टरांचा राउंड आणि शिवाय विद्यार्थिनी. तिची वही भरायला आम्ही ड्युटी संपल्यावर थांबायचो, नाहीतर घरी आणायचो. त्याचे पैसे मिळत नसत.

याचा परिणाम काय होतो, हे कॅथलीन डफी यांच्या अभ्यासातून पुढे आलं. तोही ग्लासगोमधलाच, २००३ सालचा. ज्या विद्यार्थिनी कच्च्या होत्या, त्यांनाही मेंटर पुष्कळदा पास करत होते. का? वेळ नव्हता, शंका उशिरा आली, नापास कसं करायचं याची खात्री नव्हती, आणि पोरीचं नुकसान होईल म्हणून जीव तुटायचा. शिकवणाऱ्याला वेळ दिला नाही तर त्याची किंमत शेवटी रुग्ण मोजतो. इतकी साधी गोष्ट आहे ही, पण ती दाखवून द्यायला अभ्यास करावा लागला.

आता कुणी विचारेल, यासाठी अनुभवी नर्सच का हवी? नियम पाठ असलेली कुणीही का चालू नये? याचं उत्तर अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली दिलं. नर्स पाच पायऱ्या चढते असं त्या म्हणतात. अगदी नवशिकी मुलगी नियमांवर चालते. तक्ता म्हणतो ताप नाही, म्हणजे ताप नाही. पाचव्या पायरीवरची नर्स दारातून आत येते आणि म्हणते, "तीन नंबरच्या आजोबांना काहीतरी होतंय." आकडे सगळे ठीक असतात. मग का? तर रोज चहा मागणाऱ्या आजोबांनी आज चहा मागितला नाही. एका रात्रीत त्यांची बोलण्याची तऱ्हा बदलली. चार तासांनी कळतं की जंतुसंसर्ग अंगात पसरायला लागलाय.

अडचण ही की पाचव्या पायरीवरच्या बाईला हे दिसतं, पण ते कसं दिसलं हे तिला पटकन सांगता येत नाही. आपली आई भाजीत मीठ अंदाजानं टाकते, तसंच ते. मेंटरचं काम म्हणजे तो अंदाज उलगडून सांगणं. मी विद्यार्थिनीला पहिल्या आठवड्यात तक्ता बघूच द्यायची नाही. दारात उभी करायची आणि विचारायची, "इथूनच सांग, काय दिसतंय?" रंग कसा आहे, हात कुठे आहेत, जेवणाचं ताट कोणत्या बाजूनं खाल्लंय, पाण्याचा ग्लास हाताला पोचतोय का. मग टाचा बघायच्या, कारण बेडसोर सुरू होतो तो पुष्कळदा टाचेला, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. तक्ता सगळ्यात शेवटी.

आणखी एक धडा मी खास आपल्या लोकांमुळे देत असे. आपल्या आज्या, मराठी असोत की गुजराती, दुखतंय असं कधी म्हणत नाहीत. "बरं आहे" म्हणतात. दुखण्याला शून्य ते दहा यांतला आकडा द्या म्हटलं की लाजून हसतात. मी विद्यार्थिनींना सांगायची, त्यांना आकडा विचारू नका. "काल रात्री झोप लागली का? कुशीवर वळता आलं का?" असं विचारा. उत्तर मिळेल.

२०१८ साली नियम पुन्हा बदलले आणि मेंटर हा शब्दच गेला. आता शिकवणारा वेगळा, त्याला म्हणतात प्रॅक्टिस सुपरवायझर. तपासणारा वेगळा, तो प्रॅक्टिस असेसर. त्याच विद्यार्थिनीसाठी एकाच माणसानं दोन्ही कामं करायची नाहीत. शिवाय विद्यापीठाचा असेसर तिसरा. डफीबाईंनी जी दुखरी जागा दाखवली होती, तिच्यावरचा हा उपाय म्हणता येईल, आणि त्यात शहाणपण आहे. जिला रोज जवळून शिकवलं तिला नापास करणं फार जड जातं. पण या वाटणीत एक गोष्ट हरवू शकते. आज एक सुपरवायझर, उद्या दुसरी, परवा तिसरी. मग ही मुलगी माझी, तिचं कसं चाललंय हे मी बघणार, असं म्हणणारं कुणीच उरत नाही. मेंझीसबाईंनी पाहिलेली सोडून जाणारी मुलगी अशाच वॉर्डातली होती.

शेवटी आजच्याबद्दल थोडं, कारण ऐकणाऱ्यांत काही जणी अशा असतील ज्या गेल्या तीन-चार वर्षांत पुण्याहून, कोल्हापूरहून, नागपूरहून इथे नर्स म्हणून आल्या आहेत. ब्रिटनच्या नोंदवहीत बाहेरून येणाऱ्या नर्समध्ये अलीकडे भारतातून येणाऱ्या सगळ्यात जास्त आहेत. केरळच्या मुली पुष्कळ, आपल्या त्या मानानं कमी, पण येतायत. तुमच्यामागे दहा-बारा वर्षांचा आयसीयूचा अनुभव असतो आणि इथे आल्यावर ओएससीई परीक्षेची तयारी करताना तुम्हाला हात धुण्यापासून शिकवतात. राग येतो, मला ठाऊक आहे. पण त्यात तुमच्या अनुभवाचा अपमान नाही. इथल्या वॉर्डाची रीत वेगळी आहे, आणि रीत शिकायला सगळ्यांनाच कुणीतरी लागतं. सुरुवातीला प्रिसेप्टर मिळायला हवा, म्हणजे हाताला धरून नेणारी अनुभवी नर्स. २०२२ साली इंग्लंडमध्ये त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर आराखडा आला आहे. नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात विचारा, "माझी प्रिसेप्टर कोण? आम्ही दोघींनी बसायला वेळ कोणता?" दुसरा प्रश्न विसरू नका. दीडशे वर्षं माणूस नेमायची सोय होत आली आहे, त्याला वेळ द्यायची मात्र राहून जाते.

आणि ज्या माझ्यासारख्या निवृत्तीच्या जवळ आहेत किंवा नुकत्याच झाल्या आहेत, त्यांच्याशीही थोडं बोलते. बऱ्याच विद्यापीठांना ओएससीईच्या सरावासाठी, विद्यार्थिनींच्या मुलाखतींसाठी अनुभवी नर्स हव्या असतात. आपल्या मंडळात येणाऱ्या एखाद्या नव्या मुलीला महिन्यातून एकदा घरी बोलावलं तरी चालेल. पोहे करा, चहा करा आणि वॉर्डात काय चाललंय ते विचारा. नाइटिंगेलबाई तेच करत होत्या. आपल्या डोक्यात साठलेलं पेन्शनबरोबर घरी घेऊन बसलो, तर ते आपल्याबरोबरच जाईल. एखादीला दारात उभं करून "काय दिसतंय?" विचारलंत, तर ती पुढे दहा जणींना विचारेल.

माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी काही जणी आज स्वतः असेसर आहेत. एक इमर्जन्सीत आहे, एक घरोघरी जाणारी डिस्ट्रिक्ट नर्स आहे, एक शिकवायलाच विद्यापीठात गेली. तिचा परवा फोन आला होता. तिच्या वर्गात यंदा दोन मराठी मुली आहेत म्हणे. मी म्हटलं, त्यांना माझा नंबर दे.

आजच्यापुरतं इतकंच, श्रोतेहो. तुमच्या घरात कुणी नर्स असेल, आजी, आई, मावशी, तर तिला या आठवड्यात विचारा, "तुला कुणी शिकवलं?" आणि तिनं सांगितलेली गोष्ट आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू.